मैदानावरचा तिसरा माणूस

क्रिकेटच्या देशात राहून मी आज बेसबॉलविषयी बोलणार आहे, याबद्दल श्रोत्यांची आधीच माफी मागतो. त्यातही खेळाडूंविषयी नाही, पंचांविषयी. कारण सांगतो.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीला असते. मागे एकदा मे महिन्यात मी तिच्याकडं गेलो होतो. शनिवारी सकाळी तिच्या मुलाची बेसबॉलची मॅच होती. ‘मामू, तुम्ही यायचंच,’ असा त्याचा हट्ट. खेळणारी मुलं दहा-अकरा वर्षांची. फलंदाजाच्या मागं उभा असलेला पंच सोळा-सतरा वर्षांचा, जाळीदार मुखवट्याआड घामानं निथळणारा. दुसरा पंच साठीचा एक गृहस्थ, तो लांब बेसजवळ. चौथ्या डावात एक मुलगा धावत, घसरत होम प्लेटवर आला. धुरळा उडाला. पंचानं त्याला बाद दिलं. त्याबरोबर त्या संघाचा कोच, चांगला सहा फुटी माणूस, थेट मैदानात चालत आला आणि त्या पोराच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडू लागला. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, त्याला आवरेल. कुणी उठलं नाही. बहीण म्हणाली, ‘भाईजान, इथं असं चालतं.’ चालत असेल. माझ्या छातीत मात्र धडधडायला लागलं. ते का, हे ओघात येईलच.

आपल्याकडं कोच पॅव्हेलियनमध्ये बसतो. मैदानावर काय बोलायचं ते कर्णधार बोलतो. बेसबॉलमध्ये संघाचा मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य कोच, गणवेश घालून मैदानालगतच बसतो आणि पंचाशी वाद घालायला स्वतः आत येतो. दुसरा फरक त्याहून मोठा. क्रिकेटचा पंच कुणी ‘हाऊज दॅट’ म्हणून विचारल्याशिवाय कुणालाही बाद देत नाही. बेसबॉलचा पंच असा गप्प राहूच शकत नाही. फलंदाजानं सोडून दिलेला प्रत्येक चेंडू प्लेटवरून, योग्य उंचीतून गेला की नाही, हे त्याला लगेच सांगावं लागतं. गेला असेल तर स्ट्राइक, नसेल तर बॉल. प्लेटची रुंदी सतरा इंच. त्या सतरा इंचांवरून गेली दीडशे वर्षं भांडण चाललेलं आहे.

सुरुवात मात्र भांडणाची नव्हती. जर्सी सिटीला लागूनच होबोकेन नावाचं शहर आहे. दुसऱ्या दिवशी बहिणीनं तिथं नेलं. अकरावा रस्ता आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथं मिळतात, त्या चौकात एक फलक आहे आणि चारी कोपऱ्यांवर चार बेस असल्याच्या खुणा बसवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात या भागात ‘एलिसियन फील्ड्स’ नावाचं मोकळं रान होतं. न्यूयॉर्कची मंडळी होडीनं हडसन नदी ओलांडून इथं खेळायला येत. त्यात कारकून, व्यापारी, बँकेतली माणसं. निकरबॉकर नावाचा त्यांचा क्लब. या क्लबनं 1845 च्या सप्टेंबरात वीस नियम लिहून काढले. 19 जून 1846 रोजी त्यांचा दुसऱ्या एका संघाशी सामना झाला आणि नियम लिहिणारेच 23 विरुद्ध 1 असे हरले. तो भाग सोडून देऊ. त्या वीस नियमांतला एक नियम असा, की खेळातल्या सगळ्या वादांचा निकाल अंपायर देईल आणि त्यावर पुढं दाद नाही. अंपायरनं एक वही ठेवायची आणि कुणी नियम मोडला तर तिच्यात टिपून ठेवायचं, हेही ठरलं होतं. शिवी दिली तर काही सेंटांचा दंड. म्हणजे क्लबातल्याच चार सभ्य गृहस्थांनी आपल्यातल्याच एकाला सांगितलं, तू सांगशील ते आम्ही ऐकू.

हा ‘अंपायर’ शब्द मोठा मजेदार आहे. मूळ जुन्या फ्रेंचमधला, ‘नोंपेर’ असा. त्याचा अर्थ, जोडीत न बसणारा, विषम. इंग्रजांच्या तोंडी ‘अ नंपायर’चं ‘ॲन अंपायर’ झालं, सुरुवातीचा ‘न’ शेजारच्या शब्दात जाऊन बसला. उर्दूत मध्यस्थाला ‘सालिस’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ तिसरा. आणि आपण मराठीत म्हणतो पंच, म्हणजे पाच. पाचांमुखी परमेश्वर असं म्हणणाऱ्या समाजानं मैदानावरच्या त्या माणसालाही पाचांचं नाव दिलं. प्रत्यक्षात तो असतो एकटाच.

बेसबॉलमध्येही आधी पंच विचारल्याशिवाय फारसं बोलत नसे. खेळ हौशी होता, पंचही हौशी. दोन्ही बाजूंना मान्य असा कुणी प्रतिष्ठित माणूस असे, पैसे घेत नसे. त्याला नीट दिसलं नसेल तर तो खेळाडूंना विचारी, काही वेळा प्रेक्षकांनाही विचारी. आज हे वाचून हसू येतं. पण फलंदाज लबाड निघाले. चांगले चेंडूही सोडून देत राहायचं, गोलंदाजाला दमवायचं, असा प्रकार वाढला. म्हणून 1858 मध्ये पंचाला अधिकार दिला, की चांगला चेंडू सोडणाऱ्या फलंदाजावर स्ट्राइक पुकारावी. पुढच्या पाच-सहा वर्षांत वाईट चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाचीही तशीच मोजणी सुरू झाली. इथं पंचाचं काम बदललं. आधी तो भांडण मिटवणारा होता, आता दर मिनिटाला कुणाला तरी नाराज करणारा झाला.

मग पैसा आला. 1869 मध्ये सिनसिनाटीचा संघ उघडपणे पगारी झाला, 1876 मध्ये नॅशनल लीग निघाली, 1882 मध्ये अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगनं पंचांनाही पगारावर ठेवलं. पैसे देऊन सामना पाहणाऱ्या माणसाला वाटू लागलं, की पंचाला शिव्या घालण्याचा हक्क तिकिटातच आला. 1888 मध्ये अर्नेस्ट थेअर याची ‘केसी ॲट द बॅट’ ही कविता सॅनफ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आली. तिच्यातही गर्दी पंचाच्या जिवावर उठते आणि नायक नुसता हात वर करून तिला गप्प करतो. कवी म्हणून मला ही गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. अमेरिकेतल्या बहुधा सर्वांत गाजलेल्या खेळाच्या कवितेत पंचाला वाचवतो तो खेळाडू, आणि पुढच्याच चेंडूंवर तो स्वतः बाद होतो.

या गदारोळात ज्यानं पंचाला पुन्हा मान मिळवून दिला, त्याचं नाव बिल क्लेम. 1905 ते 1941 तो नॅशनल लीगमध्ये पंच होता, अठरा वर्ल्ड सीरिज त्यानं केल्या. त्याची एक रीत होती. मॅनेजर भांडायला आला, की थोडं ऐकून घ्यायचं, मग बुटाच्या टोकानं मातीत एक रेघ ओढायची आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. जो रेघ ओलांडील तो मैदानाबाहेर. आरडाओरडा नाही, अंगावर धावणं नाही. रामायणातली लक्ष्मणरेषा आपल्याकडं लहान मुलालाही ठाऊक असते. अमेरिकेत ती एका पंचानं बुटानं ओढली.

आज वादाचे नियम छापील आहेत. नजरेचा निर्णय, म्हणजे बाद की नाबाद, स्ट्राइक की बॉल, यावर हरकत घेता येत नाही. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर मॅनेजरनं विचारावं, तेही ज्यानं निर्णय दिला त्याच पंचाला. स्ट्राइक आणि बॉलवरून भांडायला जो आपली जागा सोडून येतो, त्याला पंच घालवून देऊ शकतो. आणि एक नियम असा आहे, की निर्णय देणाऱ्यानं स्वतः विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचानं त्याच्या निर्णयावर टीका करू नये, तो फिरवू नये. नियम उत्तमच आहे. पण पंच आपल्या सहकाऱ्याकडं पाहतो, तेव्हा त्याला काय दिसावं, हे कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

बर्निस गेराची हकीकत इथं सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये राहणारी ही गृहिणी, उंची जेमतेम सव्वापाच फूट. 1967 मध्ये तिनं फ्लोरिडातल्या पंचांच्या शाळेत शिक्षण घेतलं. हौशी सामन्यांत काम केलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र तिला दार बंद. 1969 मध्ये एका छोट्या लीगनं करार दिला, तो वरिष्ठांनी रद्द केला. उंची आणि वजन बसत नाही, असं कारण पुढं आलं. ती कोर्टात गेली आणि 1972 च्या जानेवारीत न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. 24 जून 1972 रोजी जिनिव्हा नावाच्या गावात, म्हणजे स्वित्झर्लंडमधलं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं, ती मैदानात उतरली. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या बेसवर तिनं एका धावपटूला नाबाद दिलं, लगेच आपली चूक तिच्या लक्षात आली आणि तिनं निर्णय फिरवून त्याला बाद दिलं. ऑबर्न संघाचा मॅनेजर धावून आला. बाई असून ती इथं आलीच का, हाच त्याच्या बोलण्याचा सूर होता. तिनं त्याला बाहेर काढलं. नियमानं जे करायचं ते सगळं तिनं केलं. पण पहिला सामना संपताच तिनं राजीनामा दिला आणि गाडीत बसून निघून गेली. दुसऱ्या सामन्याला ती थांबली नाही.

वर्तमानपत्रं म्हणाली, बाईला भांडण झेपलं नाही. तिचं म्हणणं वेगळं होतं. बरोबरच्या पंचांनी आपल्याला साथच दिली नाही, असं तिनं सांगितलं. पाच वर्षं झगडणारी बाई एका माणसाच्या ओरडण्यानं मोडली, यावर माझाही विश्वास नाही.

विश्वास नाही, कारण मी पंचगिरी केलेली आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी, बी.ए.ला असताना, आमच्या तालुक्याच्या गावी टेनिस बॉलच्या स्पर्धा भरायच्या. एका वर्षी अंतिम सामना मोहल्ल्याचा संघ आणि पेठेतला संघ यांच्यात आला. दोन पंच, मी आणि माझा वर्गमित्र. तो पेठेतला, मी मोहल्ल्यातला, म्हणजे हिशेब बरोबर. शेवटच्या षटकांत मोहल्ल्याच्या फलंदाजाचा झेल स्क्वेअर लेगच्या बाजूला उडाला. क्षेत्ररक्षकानं तो उचलला. मला चेंडूचा टप्पा पडलेला दिसला. मी नाबाद दिलं. पेठेचा कर्णधार आला, म्हणाला, ‘आपल्या माणसाला वाचवतो का रे?’ मी मित्राकडं पाहिलं. झेल त्याच्यापासून दहा पावलांवर झाला होता. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला.

रात्री तो घरी आला. म्हणाला, ‘टप्पा पडला होता, मी पण बघितला. पण मला पेठेतच राहायचंय.’ आईनं त्याला खीर दिली, त्यानं ती खाल्ली. आमची मैत्री आजही आहे. मी त्यानंतर पंच म्हणून उभा राहिलो नाही.

उलट बाजूची एक गोष्टही घडलेली आहे. 2 जून 2010, डेट्रॉइट. अर्मांडो गॅलारागा या गोलंदाजानं ओळीनं सव्वीस फलंदाज बाद केले. एकालाही बेसपर्यंत पोहोचू न देता सत्तावीस बाद करणं याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि तोवरच्या साऱ्या इतिहासात तो फक्त वीस वेळा झाला होता. सत्ताविसाव्या फलंदाजाला पंच जिम जॉइस यांनी पहिल्या बेसवर नाबाद दिलं. तो स्पष्ट बाद होता. डेट्रॉइटचे मॅनेजर जिम लेलँड आणि खेळाडू जॉइसवर तुटून पडले. सामन्यानंतर जॉइसनी चित्रफीत पाहिली, चूक कबूल केली आणि गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी प्लेटमागं तेच उभे राहणार होते. सामन्याआधी संघाची यादी पंचाकडं द्यायची असते. काल भांडलेल्या लेलँडनी ती द्यायला गॅलारागालाच पाठवलं. यादी घेताना जॉइसना रडू आवरेना.

आता बरंच काम यंत्राकडं चाललं आहे. 2014 पासून बहुतेक निर्णय चित्रफितीवर तपासता येतात. 2026 च्या हंगामापासून स्ट्राइक आणि बॉललाही यंत्राकडं आव्हान देता येईल, असं 2025 मध्ये ठरलं. आव्हान फक्त फलंदाज, गोलंदाज आणि यष्टिरक्षकासारखा जो कॅचर असतो, त्यांनी द्यायचं. मॅनेजरला ती मुभा नाही. बिल क्लेम खूश झाला असता.

आणि 9 ऑगस्ट 2025 रोजी अटलांटात जेन पॉवोल ही मेजर लीगच्या सामन्यात पंच म्हणून उभी राहणारी पहिली स्त्री ठरली. ती न्यू जर्सीचीच, पूर्वी चित्रकलेची शिक्षिका. योगायोग असा, की त्या दिवशीही लागोपाठ दोन सामने होते. तिनं दोन्ही केले आणि दुसऱ्या दिवशी प्लेटमागं उभी राहिली. मध्ये त्रेपन्न वर्षं गेली होती. बर्निस गेरा 1992 मध्येच वारली.

त्या शनिवारच्या मॅचचं सांगायचं राहिलं. कोच ओरडत होता. पोरगा काही बोलला नाही. त्यानं खिशातून छोटा ब्रश काढला, वाकला आणि होम प्लेट झाडू लागला. तेवढ्यात तो साठीचा पंच बेसजवळून सावकाश चालत आला. एक शब्द बोलला नाही, कोचकडं पाहिलंही नाही. नुसता पोराच्या शेजारी जाऊन उभा राहिला, हात मागं बांधून. कोच आणखी थोडं बोलला, मग आपल्या जागी गेला. पोरगा उठला, त्यानं ब्रश खिशात ठेवला आणि मुखवटा खाली ओढला. त्या मॅचमध्ये भाचा दोनदा बाद झाला. घरी येताना गाडीत तो म्हणाला, ‘मामू, दुसऱ्या वेळी मी नाबाद होतो.’ मी म्हटलं, असशील.