हैती (१९९१–९४) : लोकशाही वैधता आणि निर्बंध

देशावर ज्याचा प्रत्यक्ष ताबा, तेच सरकार वैध, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा जुना प्रघात. हैतीच्या प्रकरणाने त्याला छेद दिला. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत सुमारे दोन-तृतीयांश मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झालेले जाँ-बेर्त्राँ आरिस्तीद यांना ३० सप्टेंबर १९९१ रोजी लष्कराने पदच्युत केले. सत्ता जनरल राउल सेद्रास यांच्या हाती असूनही संयुक्त राष्ट्रांनी आरिस्तीद यांचेच सरकार वैध मानले.

सनदेच्या सातव्या प्रकरणान्वये सुरक्षा परिषदेने जून १९९३ मध्ये ठराव ८४१ द्वारे तेल व शस्त्रास्त्रे यांच्या पुरवठ्यावर निर्बंध घातले. मे १९९४ च्या ठराव ९१७ ने ते जवळपास सर्व व्यापाराला लागू केले. अन्नधान्य व औषधे वगळूनही त्यांची झळ गरिबांनाच अधिक बसली. लष्करी अधिकाऱ्यांना मात्र शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातून होणाऱ्या तेलाच्या तस्करीचा लाभ झाला. अखेर जुलैतील ठराव ९४० ने बळाच्या वापरास मुभा दिली आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी आरिस्तीद मायदेशी परतले.

तथापि ही परिस्थिती अपवादात्मक असल्याचे परिषदेने ठरावांतच नमूद केले. त्यामुळे लोकशाही शासनाचा हक्क हा सर्वमान्य नियम झाला, असे या एका उदाहरणावरून म्हणता येत नाही.