दात्याची ओंजळ

गगनबावडा ही करवीर संस्थानातील जहागीर. अशा डोंगरी मुलखातील गरीब मुलांनी शिकावे, एकत्र यावे म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढविली. १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी. साहाय्य संस्थानाचे, कारभार त्या त्या समाजाचा.

पुढे संस्थान गेले, दाता दूरचा झाला. जर्मन धर्माध्यक्षांनी १९५८ साली ‘मिझेरिओर’ स्थापिली. तेथील भाविकांचे प्रायश्चित्तकाळातील दान भारतातही पोचले. (विहिरीचे छायाचित्र दात्यास धाडता येते, तरुणांच्या संघटनेचे कसे धाडावे, हा पेच आम्हांस ठाऊक आहे.) २०२० च्या कायदादुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस परकीय निधी देणे बंद झाले. मोठ्या संस्थेच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या लहान मंडळांचा मार्ग खुंटला. आता वर्गणी मागणे आले. आणि हिशेब विचारणारे शेजारीच असतील.