पाय रोवून उभे राहा, जमीन खचते आहे

तुम्ही 1840 सालाच्या आसपासच्या एका पावसाळी सकाळी जर्मनीतल्या एम्शर नदीच्या काठी उभे आहात. पायाखाली चिखल, समोर अल्डर आणि विलोची गर्द झाडी. नदीला घाई नाही. ती शंभर वळणं घेत जाते आणि थोडा जास्त पाऊस झाला की दोन्ही काठांवर पसरते. झाडीत खसखस होते आणि जाडसर डोक्याचं एक बुटकं घोडं तुमच्याकडे बघून पुन्हा आत शिरतं. ही एम्शरच्या पाणथळ रानातली मोकाट घोडी. आसपासचे लोक ती पकडून क्रांगेच्या जत्रेत विकतात.

नदीकडे पाठ करा आणि दक्षिणेला चालू लागा. थोड्या वेळात चर्चचं टोक दिसेल, त्याभोवती काही घरं. हे गेल्झेनकिर्शेन. लाकडी सांगाड्यात माती लिंपलेल्या भिंती, एकाच मोठ्या छपराखाली एका टोकाला गाईगुरं आणि दुसऱ्या टोकाला माणसं. शेतात राय आणि ओट. वस्ती काही शेकड्यांची. घराच्या दारातला शेतकरी वेस्टफालियाच्या खेडवळ बोलीत तुम्हाला विचारेल, कुठून आलात? त्याला बर्लिन फक्त ऐकून माहीत आहे. आपल्या शेताखाली काय आहे, हे त्याला माहीत नाही. कळलं असतं तरी उपयोग नव्हता. जमीन त्याची असली तरी प्रशियाच्या कायद्याने खालच्या खनिजावर त्याचा हक्क नव्हता.

आता 15 मे 1847 ला या. कोलोनहून मिंडेनकडे जाणाऱ्या रेल्वेचा ड्युइसबुर्ग ते हाम हा टप्पा आज सुरू होतो आहे आणि या खेड्यात स्थानक आहे. एसेन आणि बोखुम ही मोठी गावं सोडून गाडी इथे का थांबते? कारण ती गावं टेकड्यांत आहेत आणि एम्शरचं खोरं सपाट आहे. सपाट जमिनीवर रूळ स्वस्तात पडतात. रेल्वेच्या अभियंत्यांनी चढ टाळला आणि त्या एका निर्णयाने गावाचं नशीब बदललं. कोळसा जमिनीखाली होताच, आता तो न्यायला गाडीही आली.

तरीही तो काढणं सोपं नव्हतं. दक्षिणेला, रूर नदीच्या काठावर, कोळशाचे थर जवळजवळ उघड्यावर येतात. तिथले लोक शतकानुशतकं डोंगराच्या कुशीत आडवे खोदत आले. इथे उत्तरेला मात्र कोळशावर मार्लचा, म्हणजे चुनखडीमिश्रित मातीचा, जाड थर आहे. त्याच्या भेगांत पाणी भरलेलं. खणत जा, विहीर भरत जाते.

17 मार्च 1855. आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण. स्थानकाजवळच्या मोकळ्या जागेत गर्दी जमली आहे, तुम्हीही त्यात घुसा. मध्यभागी उभा असलेला गृहस्थ विल्यम थॉमस मल्वनी. तो आयर्लंडच्या सरकारी बांधकाम खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, दुष्काळातली कामं आणि नद्यांचं पाणी वळवण्याच्या योजना त्याने हाताळल्या आहेत. आज तो इथे खाणीचा पहिला फावडा मारतो आहे. खाणीचं नाव ठेवलं आहे हिबर्निया, आयर्लंडचंच जुनं लॅटिन नाव. भोवतालचे शेतकरी या परदेशी माणसाकडे संशयाने बघतात. पण त्याने डरहॅमहून विल्यम कोल्सन हा विहीर खणणारा निष्णात माणूस आणला आहे आणि त्याच्याबरोबर एक तंत्रही. विहिरीच्या भिंतीला ओतीव लोखंडाची कडी एकावर एक बसवत जायची, सांधे घट्ट करायचे, आणि पाणी बाहेरच थोपवायचं. शेतकऱ्यांचा संशय फार टिकत नाही. तीन वर्षांत हिबर्नियाचा कोळसा गाड्यांत भरला जाऊ लागतो. मल्वनी शेजारच्या हेर्नमध्ये शॅमरॉक खाणही उघडतो.

इथून पुढे वेग इतका वाढतो की तुम्हाला धाप लागेल. 1870 च्या दशकात फ्रीडरिश ग्रिलो हा उद्योजक शेजारच्या शाल्के गावात एकामागून एक कारखाने उभे करतो: रसायनं, लोखंड, काच आणि आरसे. 1873 मध्ये गेल्झेनकिर्शेनची मोठी खाण कंपनी स्थापन होते. 1875 मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळतो. राय पिकवणाऱ्या शेतांची नावं आता रस्त्यांच्या पाट्यांवर उरली आहेत.

1890 च्या सुमाराला पुन्हा त्याच स्थानकावर उतरा. पूर्वेकडून आलेल्या गाडीतून बोचकी घेऊन उतरणारी माणसं पोलिशसारखी भाषा बोलतात, पण प्रार्थना लुथरची करतात. हे मझुरियाचे लोक, पूर्व प्रशियातल्या सरोवरांच्या मुलखातून आलेले. त्यातले कित्येक एकट्या ऑर्टेल्सबुर्ग तालुक्यातले. खाणमालकांचे दलाल त्यांच्या खेड्यांत जाऊन सांगून आले आहेत: पगार रोख, घराला परसबाग, डुकरासाठी गोठा. यात बरंचसं खरं होतं. उकेनडॉर्फच्या फ्लोत्स डिकेबांक वसाहतीत चला. विटांची बसकी घरं, मागे बटाट्याचे वाफे, आणि जवळपास प्रत्येक दारात शेळी. खाणकामगाराची गाय म्हणतात तिला. शेतकऱ्याची मुलं ही. खाणीत उतरली तरी मातीत हात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

घराच्या आत मात्र जरा वाकून बघा. खोल्या दोन-तीन, माणसं आठ-दहा. घरमालकीण भाड्याने झोपायची जागा देते. सकाळच्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीवरून आलेला त्याच पलंगावर आडवा होतो. अंथरूण थंड व्हायला वेळच मिळत नाही.

आता सकाळच्या पाळीच्या माणसाबरोबर खाली उतरा. पिंजऱ्याचं दार लागतं आणि पोटात गोळा येतो. खाली उष्णता, धूळ आणि मिथेनचा धाक. कोळशाचा थर कधी कधी इतका अरुंद की कुशीवर पडून टिकाव चालवावा लागतो. ढकलगाडी भरून वर गेली की तिथे बसलेला माणूस ती तपासतो. दगड जास्त दिसला तर गाडी शून्य धरली जाते, म्हणजे त्या गाडीचा एक पैसाही मिळत नाही, कोळसा मात्र कंपनीच ठेवते. मे 1889 मध्ये हा राग उफाळून येतो. रूर खोऱ्यातले सुमारे 90,000 कामगार काम थांबवतात. मागणी साधी आहे, खाली-वर जाण्याच्या वेळेसह आठ तासांची पाळी. श्रोडर, बुंटे आणि झीगेल हे तीन खाणकामगार बर्लिनला जाऊन थेट कैसर दुसऱ्या विल्हेल्मसमोर उभे राहतात. हाती फार थोडं लागतं. गाड्या शून्य धरण्याची ती पद्धत बंद व्हायला 1905 चा दुसरा मोठा संप आणि त्यानंतरचा कायदा यावा लागला. या शहरावर लिहिणारे कारखानदारांची नावं भराभर सांगतात. मला या तिघांची नावं आधी सांगावीशी वाटतात.

आणि आता 1901 चा शरद. इथे जरा थांबा, कारण या शहराची खरी कथा इथे दडली आहे.

गल्लीत शांतता आहे. दारांवर चुन्याचा वास. घराघरांत तापाने फणफणलेली माणसं पडली आहेत. विषमज्वर. तीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, शेकड्यांनी मेली. सरकारने बर्लिनहून रॉबर्ट कोख यांना पाठवलं, क्षयरोगाचा जंतू शोधणारे तेच. संशय नळाच्या पाण्यावर आला. पाणी कंपनी रूर नदीच्या काठच्या वाळू-खडीतून गाळलेलं पाणी पुरवते, असं लोकांना सांगितलं होतं. खाणी, भट्ट्या आणि माणसं इतकी वाढली होती की गाळलेलं पाणी पुरत नव्हतं. म्हणून एका नळीतून नदीचं कच्चं पाणी गुपचूप त्यात मिसळलं जात होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि ही नळी सगळ्यांसमोर आली. 1902 मध्ये याच शहरात आरोग्य संस्था सुरू झाली. खोऱ्यातलं पाणी तपासण्याचं काम ती आजही करते.

पिण्याचं पाणी एक, सांडपाणी दुसरं. खालून कोळसा काढला की वरची जमीन खचते. ती सगळीकडे सारखी खचत नाही. एका बाजूला घर कलतं, दुसऱ्या बाजूला शेतात तळं होतं. अशा जमिनीत गटाराचे नळ पुरले तर ते तुटतात आणि उताराची दिशाच उलटते. 1899 मध्ये खोऱ्यातल्या गावांनी, खाणींनी आणि कारखान्यांनी मिळून एम्शर सहकारी संघ स्थापन केला आणि एक कठोर तोडगा काढला: नदीलाच गटार करायचं. तिची वळणं कापली, तळ आणि काठ काँक्रीटने बांधले, दोन्ही बाजूंना बांध घातले. माणसांची विष्ठा, खाणीचं पाणी, कोकभट्ट्यांचं फेनॉल, सगळं उघड्यावर वाहू लागलं. ज्या झाडीत तुम्ही घोडं पाहिलं होतं तिथे आता कुंपण आहे आणि मुलांनी जवळ जाऊ नये म्हणून पाट्या. त्या काळात दुसरा उपाय नव्हता, हे मला मान्य आहे. पण जमीन खचवणाऱ्यांनी त्या काळात कोळशाच्या किमतीत या नदीचा खर्च धरला नाही, हेही खरं आहे.

1903 मध्ये शाल्के, बिस्मार्क, उकेनडॉर्फ आणि इतर गावं एकत्र आली आणि लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी, मे 1904 मध्ये, शाल्केच्या काही पोरांनी एक फुटबॉल क्लब काढला. कॉन्सोलिडेशन खाणीच्या जागेवर 1928 मध्ये त्यांचं मैदान झालं. 1934 मध्ये शाल्केने जर्मनीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा संघात मझुरियातून आलेल्या घरांतले कुझोरा आणि झेपान होते. तुम्ही त्या संध्याकाळी शाल्केच्या बाजारचौकात असता तर ज्यांची आडनावं वर्षानुवर्षं हिणवली गेली होती, त्याच आडनावांचा जयघोष तुमच्या कानावर पडला असता.

पण त्याच वर्षांत शहर हिटलरचं झालं होतं. नोव्हेंबर 1938 मध्ये इथलं यहुदी प्रार्थनास्थळ जाळलं गेलं. जानेवारी 1942 मध्ये यहुदी नागरिकांना गाडीत भरून रिगाला पाठवलं. 1944 च्या उन्हाळ्यात हॉर्स्ट भागातल्या गेल्झेनबेर्ग कारखान्याच्या कुंपणाजवळ या. इथे कोळशापासून पेट्रोल बनतं, म्हणून बॉम्ब इथेच पडतात. मलबा उपसायला आउश्विट्झहून सुमारे 2,000 हंगेरियन यहुदी स्त्रिया आणि मुली आणल्या आहेत. 11 सप्टेंबरला भोंगा वाजतो. आसऱ्याच्या तळघरांत त्यांना प्रवेश नाही. त्या दिवशी त्यांच्यापैकी सुमारे 150 जणी मेल्या. शहरातल्या रुडोल्फ बेर्ट्राम या शल्यचिकित्सकाने जखमी स्त्रियांना रुग्णालयात ठेवून घेतलं आणि त्यांतल्या काही जणींना गेस्टापोच्या हाती लागू दिलं नाही.

युद्ध संपलं, जर्मनीला थंडीत कोळसा हवा होता आणि चिमण्या पुन्हा पेटल्या. मे 1955 मध्ये डालबुश खाणीत तीन कामगार अडकले. वरून एक भोक पाडलं गेलं, जेमतेम माणूस मावेल एवढं. एबरहार्ड आऊ या अभियंत्याने पत्र्याची एक लांब नळी बनवून घेतली, व्यास 38.5 सेंटिमीटर. खांदे आवळून, हात वर करून एकेकाने तीत शिरायचं. तिघंही जिवंत वर आले. त्याच खाणीत पाच वर्षांपूर्वी स्फोटाने 78 जण गेले होते, आणि या सुटकेनंतर तीन महिन्यांनी दुसऱ्या स्फोटाने चाळीसहून अधिक नेले. ती नळी मात्र पुढे जगभरच्या खाणींत वापरली गेली.

1959 मध्ये शहरात सुमारे 3 लाख 90 हजार माणसं होती. तो कळस. तेल स्वस्त झालं, परदेशी कोळसाही. 1961 पासून तुर्कस्तानातून माणसं आणून खाणीत उतरवली जात होती आणि त्याच दशकात खाणी बंदही होत होत्या. 1966 मध्ये ग्राफ बिस्मार्क खाण बंद होते, तेव्हा रस्त्यावर काळे झेंडे दिसतात. शेवटची, एवाल्ड-हूगो, 28 एप्रिल 2000 ला थांबली. तुर्की घरांतली नातवंडं इथेच वाढली. फुटबॉलपटू मेसुत ओझिल आणि इल्काय ग्युंडोआन याच शहरात जन्मले.

आता आजच्या दिवसात या. नॉर्डस्टर्न खाणीच्या आवारात बाग आहे, 1997 च्या राष्ट्रीय बागकाम प्रदर्शनासाठी केलेली. खाणीच्या मनोऱ्यावर हर्क्युलिसचा पुतळा उभा आहे. वर जा आणि खाली बघा. एम्शर दिसेल. 1992 पासून तीस वर्षं खपून तिच्या कडेने सांडपाण्याचा खोल बोगदा नेला गेला आणि 2021 अखेर तिच्यात सांडपाणी येणं थांबलं. काठावर पुन्हा बगळे दिसतात. शहराच्या रस्त्यांवर मात्र पाट्या लावलेली बंद दुकानंही दिसतील. जर्मनीत बेरोजगारी सर्वाधिक असलेल्या शहरांत याचं नाव वारंवार येतं आणि वस्ती 2 लाख 60 हजारांच्या आसपास उतरली आहे.

परत निघण्याआधी नदीकाठच्या एका पंपघरापाशी थांबा आणि भिंतीला हात लावा. यंत्राची थरथर जाणवेल. रूर खोऱ्यात काही ठिकाणी जमीन 20 मीटरहून जास्त खचली आहे. मोठा भाग आता नद्यांच्या पातळीखाली आहे. पाणी आपोआप वाहून जाऊ शकत नाही, म्हणून ते उपसून वर टाकावं लागतं. जुन्या खाणींत भरणारं पाणीही काढत राहावं लागतं, नाहीतर ते पिण्याच्या पाण्यात मिसळेल. या कामांचा खर्च भागवण्यासाठी 2007 मध्ये खास प्रतिष्ठान उभारलं गेलं आणि 2019 पासून ते दरवर्षी कोट्यवधी युरो भरतं आहे. मल्वनीने पहिला फावडा मारला त्यानंतर 145 वर्षांनी या शहरात कोळसा काढणं थांबलं. हे पंप मात्र इथे माणसं राहतील तोवर चालू ठेवावे लागणार आहेत.