बर्ट्रम ३१
बर्ट्रम ३१ ही खुल्या समुद्रात वेगाने चालणारी ३१ फुटी अमेरिकन मोटरबोट आहे. तिचा आराखडा रेमंड हंट यांचा. 'मॉपी' या लाकडी मूळ नौकेने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. त्यानंतर रिचर्ड बर्ट्रम यांच्या मायामीतील कंपनीने ही बोट फायबरग्लासमध्ये बनवण्यास सुरुवात केली. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा तिचा तळ पिछाडीपर्यंत खोल राहतो. तेथेही त्याचा उतार सुमारे २४ अंश असतो. त्यामुळे ती लाटांवर आपटत नाही, त्या कापत जाते. थांबलेली असताना मात्र बरीच डोलते.

उत्पादन १९८० च्या दशकात थांबले, तरी जुन्या बोटी घेऊन त्यांची डागडुजी करणारे शौकीन आजही आढळतात. फायबरग्लासचे जाड कवच सहसा टिकून असते आणि तेच खरेदीदाराला भुलवते. खरा खर्च इंजिने, इंधनटाक्या व विजेच्या तारा यांवर होतो. शिवाय इंजिने दोन असतात. मूळ पेट्रोल इंजिनांच्या जागी जड डिझेल इंजिने बसवल्यास बोटीचा तोल बदलतो. हा सारा खर्च विक्रीतून क्वचितच भरून निघतो. त्यामुळे इंजिने अलीकडे बदललेली बोट महाग वाटली तरी पुष्कळदा स्वस्त पडते. फायबरग्लासच्या थरांत दडलेले लाकूड कुजले असेल, तर ते वरून दिसत नाही. यासाठी सौद्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून तपासली जाते. तो हातोडीने ठोकून बद्द आवाज कोठे येतो ते पाहतो आणि ओलावामापकाने खात्री करून घेतो.