पुढच्या तारखेच्या चेकचा उतारा

गाडीसाठी कर्ज घ्यायचे तर एके काळी चेकबुक घेऊनच फायनान्स कंपनीत जावे लागे. छत्तीस हप्ते असतील तर छत्तीस चेक, प्रत्येकावर पुढच्या महिन्याची तारीख आणि सही. शेवटच्या चेकांवरची सही पहिल्यासारखी उरतच नसे. या गठ्ठ्याला धार आली ती १ एप्रिल १९८९ पासून. परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ आले आणि खात्यात पैसे नसल्यामुळे चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा झाला. पुढच्या तारखेचा चेक त्या दिवसापासून वसुलीचे साधन तर राहिलाच, शिवाय तारणही बनला.

हप्ता खात्यातून परस्पर वळता होऊ लागला तो संगणकामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. रिझर्व्ह बँकेची ईसीएस ही इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सेवा नव्वदच्या दशकातच आली होती. तरी कर्ज देणारे ईसीएसचा फॉर्म भरून घेत आणि वर ‘सिक्युरिटी’ म्हणून चेकही ठेवून घेत. यंत्र होते, पण त्याच्या पाठीशी १३८ नव्हते. ती उणीव ‘पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स’ कायद्याच्या कलम २५ ने भरून काढली. कायदा २००७ चा, अंमल १२ ऑगस्ट २००८ पासून. पैशांअभावी इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तरी चेकइतकीच शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यवसाय नवे तंत्र कधी उचलतात, याचे माझ्या मते यातच उत्तर आहे. जुन्या साधनाचे कायदेशीर बळ नव्यात उतरल्याशिवाय जुने कोणी हातचे सोडत नाही.

यावर कोणी विचारेल, मग २००८ नंतर चेक लगेच का गेले नाहीत? मार्च २०१३ मध्ये, जिथे ईसीएस आहे तिथे हप्त्यांसाठी नवे चेक घेऊ नका, असे रिझर्व्ह बँकेला का बजावावे लागले? आक्षेप रास्त आहे. पण चेक लिहिण्याचे कष्ट कर्जदाराचे होते. ते वाचवण्याची घाई कर्ज देणाऱ्याला कशाला असेल? शिवाय वकिलांच्या नोटिशीचा मसुदा चेकभोवतीच घोटून तयार झालेला. तेव्हा कायद्याने अडसर दूर केला, सवय मोडायला मात्र हुकूमच लागला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘नॅच’ या क्लिअरिंग व्यवस्थेने पुढे शहरागणिक क्लिअरिंगची कटकट संपवून देशभर एकच वाट करून दिली. सवयीची किंमत कोर्टांनी मोजली: २०१९ अखेर देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांवर खटले १३८ चे होते.

ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याची काळजी मात्र सवडीने झाली. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीआधी निदान चोवीस तास ग्राहकाला कळवायचे आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेला ओटीपी घ्यायचा, हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचा झाला. तयारी नसलेल्या कंपन्यांच्या वर्गण्या एकाएकी अडकल्या आणि ‘नियमांनी धंदा बुडवला’ अशी ओरड झाली. त्रास झाला हे खरे. पण आधी न सांगता पैसे कापून घेणे ही सोय नक्की कोणाची होती? जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली, म्हणजे नियम काही अडूनही बसले नाहीत.

आणि तरीही सगळी वसुली या वाटेने येत नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवर दारोदार दोन आण्यांपासून गोळा करायला घेतलेली पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, आजही महाराष्ट्रातल्या पतसंस्थांत चालते. ‘नॅच’ला महिन्याची पाच तारीख कळते, पावसात बाजार बसला म्हणून भाजीवालीचा गल्ला रिकामा आहे, हे कळत नाही. तारखेला हप्ता परत गेला की दंड लागतो, बरेचदा बँकेचा वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. पिग्मी एजंट मात्र गाड्यापाशी उभा राहतो, “आज पन्नासच घ्या” हे ऐकून घेतो, पावती फाडतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो.