नऊ तास वीस मिनिटं

हंगेरीत, बुडापेस्टच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, डॅन्यूब नदीच्या काठी पाक्सचं अणुऊर्जा केंद्र आहे. चार भट्ट्या, सगळ्या सोव्हिएत बनावटीच्या, व्हीव्हीईआर-४४० जातीच्या. २००३ च्या एप्रिलमध्ये त्यातली दोन क्रमांकाची भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिच्या इंधनाची धुलाई चालू होती.

धुलाईची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी या केंद्रातल्या वाफ-जनित्रांची रासायनिक सफाई झाली होती. त्यानंतर पोलादाच्या गंजाचे बारीक कण, मुख्यतः मॅग्नेटाइट, पाण्याबरोबर फिरत इंधनावर जाऊन बसू लागले. इंधनाच्या जुडग्यांमधून पाणी पुरेसं वाहीना. २००० च्या सुमारास एका वेळी सात जुडगे मावतील अशा टाकीत धुलाई झाली आणि ती सुरळीत पार पडली. मग काम लवकर उरकावं म्हणून तीस जुडग्यांची मोठी टाकी तयार करून घेतली गेली. फ्रामाटोम एएनपी या कंपनीने ती बनवली आणि तीच ती चालवत होती. हंगेरीच्या अणुऊर्जा नियामक संस्थेने आराखड्याला मंजुरी दिली होती. सातावरून तीसवर जाताना टाकी नुसती मोठी होत नाही, ती वेगळी वस्तू होते. हा फरक मंजुरीच्या वाटेवर कोणालाच पुरेसा गंभीर वाटला नाही.

गुरुवार, १० एप्रिल २००३. दुपारी ४:५५. नऊ तास वीस मिनिटं आधी

सहाव्या खेपेची धुलाई संपली. भट्टीच्या शेजारच्या खोल कुंडात, सुमारे दहा मीटर पाण्याखाली, बंद झाकणाच्या टाकीत तीस जुडगे उभे आहेत. एकेका जुडग्यात १२६ नळ्या, म्हणजे एकूण ३,७८०. नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, आत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या.

भट्टी बंद होऊन अजून दोन आठवडेही झालेले नाहीत. साखळी अभिक्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेले अणू किरणोत्सर्ग करतच राहतात आणि त्याची उष्णता निघत राहते. एका जुडग्यामागे सुमारे ८ किलोवॉट, भट्टीतल्या त्याच्या सरासरी शक्तीच्या जेमतेम ०.२ टक्के. आकडा किरकोळ दिसतो. तीस जुडग्यांचे मिळून मात्र सुमारे २४० किलोवॉट होतात, आणि ही उष्णता कुठल्याही बटणाने बंद करता येत नाही. तिला सतत वाहून न्यावंच लागतं. तारापूर असो की पाक्स, वापरलेलं इंधन पाण्याखाली ठेवतात ते याचसाठी. पाणी किरणही अडवतं आणि उष्णताही नेतं.

आता हे जुडगे बाहेर काढायचे, तर क्रेन दुसऱ्या कामात गुंतलेली. थांबावं लागणार. धुलाईच्या वेळी तासाला सुमारे १६० टन पाणी फिरवणारा पंप चालू होता. तो बंद करून तासाला सुमारे २० टन पाणी देणारा लहान बुडीत पंप सुरू केला. कागदावर तेवढं पाणी पुरेसं होतं. २० टन पाण्याला २४० किलोवॉट उष्णता दिली तर ते दहा-अकरा अंशांनी तापेल, इतकंच.

मात्र हा हिशेब खरा ठरायचा तर पाणी इंधनातून जायला हवं.

संध्याकाळी ५ ते ७

या दोन तासांत बाहेर काहीच घडलं नाही. जे घडत होतं ते टाकीच्या आत, आणि ते समजायला टाकीची रचना पाहिली पाहिजे.

पाणी तळातून आत येई, जुडग्यांमधून वर चढे, झाकणाखाली वळे, मग जुडग्यांच्या बाहेरच्या मोकळ्या जागेतून खाली उतरे आणि पुन्हा तळाशीच असलेल्या तोंडातून बाहेर पडे. आत येण्याची वाटही खाली आणि जाण्याची वाटही खाली. जुडग्यांच्या आवरणाला खालच्या भागात छिद्रं होती. शिवाय एखादा जुडगा आपल्या खाचेत नीट बसला नाही, तर बुडाशी फट राही. मोठा पंप चालू असताना यातून काही पाणी निसटलं तरी वर भरपूर पोचत होतं. लहान पंपाचा जोर तेवढा नव्हता. थंड पाणी जड. ते वर चढण्याऐवजी छिद्रांतून आणि फटींतून आडवं सरकलं आणि समोरच्या तोंडातून निघून गेलं. वरचं पाणी तापत गेलं, तापून हलकं झालं, आणि हलकं झाल्यामुळे आणखी वरच अडकून पडलं. टाकीची भिंत दुहेरी, मधल्या पोकळीत वायू. त्यामुळे कुंडातलं दहा मीटर थंड पाणी भिंतीपलीकडे असूनही उपयोगाचं नव्हतं.

टाकीतून बाहेर येणारं पाणी मात्र थंडच होतं. ते इंधनाला शिवलंच नव्हतं. पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाला सगळं सुरळीत दिसावं, अशीच ही मांडणी होती.

संध्याकाळी ७ नंतर. सुमारे सात तास आधी

दहा मीटर पाण्याच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याला साधारण १२० अंश लागतात. नंतर केलेल्या गणितांनुसार पंप बदलल्यापासून दोन-सव्वादोन तासांत टाकीच्या वरच्या भागातलं पाणी तिथवर पोचलं.

वाफ झाली, पण तिला वर जायला पुरेशी वाट नव्हती. झाकणाला हवा सोडण्यासाठी एक बारीक नळी तेवढी होती. उलटा पेला बादलीत दाबला की आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही, तसा वाफेचा फुगा झाकणाखाली धरला गेला आणि पाण्याला खाली रेटू लागला. पाण्याला जायला वाट होतीच, तळाशी. थोड्याच वेळात पाण्याची पातळी बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ येऊन ठेपली आणि इंधनाचा बहुतेक भाग वाफेत उघडा पडला.

बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला असतं, तर वाफ आपोआप निघून गेली असती आणि पाणी जागेवर राहिलं असतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच. त्यासाठी नवं संशोधन नको होतं, महागडी सामग्री नको होती. तापलेलं पाणी वर जातं एवढं लक्षात घेऊन नळीची जागा ठरवायची होती. बंद टाकीतली उष्णता काढली नाही तर काय होतं, हे या उद्योगाला नव्याने शिकायचंही नव्हतं. २९ सप्टेंबर १९५७ ला उरल भागातल्या मायाक कारखान्यात किरणोत्सर्गी द्रव कचऱ्याच्या एका टाकीची थंडावा देणारी व्यवस्था बिघडली. आतला द्रव आटून गेला, उरलेल्या कोरड्या नायट्रेट-ॲसिटेट क्षारांचा स्फोट झाला आणि हजारो माणसांना गावं सोडावी लागली. तिथलं रसायन वेगळं होतं, पण टाकीला विचारायचा पहिला प्रश्न तोच होता: थंडावा थांबला तर आत काय होईल, आणि ते बाहेर कळेल कसं?

पाक्समध्ये एक खूण बाहेर उमटली होती. कुंड, भट्टी आणि इंधनाचा हौद यांतलं पाणी एकमेकांना जोडलेलं होतं. टाकीतून रेटलं गेलेलं पाणी तिथे आलं आणि पातळी सुमारे सात सेंटीमीटर वर चढली. उपकरणांनी ती नोंदवली. पण सात सेंटीमीटरचा अर्थ ‘टाकी रिकामी होते आहे’ असा लावायचा, हे कोणत्याही कार्यपद्धतीत लिहिलेलं नव्हतं. टाकीच्या आतली पाण्याची पातळी किंवा इंधनाचं तापमान थेट दाखवणारं काही नियंत्रण टेबलावर नव्हतं.

रात्री ९:५०. साडेचार तास आधी

हवा सोडणाऱ्या नळीवर क्रिप्टॉन-८५ हा वायू हुडकणारं उपकरण बसवलं होतं. ते वाजलं. जवळपास त्याच वेळी भट्टीच्या दालनातल्या किरणोत्सर्गमापकांनीही इशारा दिला. माणसांना बाहेर काढलं गेलं, वायुवीजन वाढवलं गेलं.

क्रिप्टॉनचं उपकरण तिथे का होतं? धुलाईत एखादी नळी गळकी निघाली तर कळावं म्हणून. म्हणून ते वाजल्यावर लोकांना तेच वाटलं: एखादा जुडगा गळतोय. हा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. त्या साधनाला दुसरं काही सांगताच येत नव्हतं. एक नळी गळली काय आणि साडेतीन हजार फुटल्या काय, त्याचा इशारा सारखाच.

टाकीत त्या वेळी झिर्कोनियम तांबडंलाल होण्याच्या पलीकडे गेलं होतं. हा धातू थंड पाण्यात अतिशय गुणी, म्हणूनच तो इंधनासाठी निवडला जातो. पण हजार अंशांच्या आसपास तो वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन मोकळा करतो आणि या अभिक्रियेतून आणखी उष्णता निघते. शिवाय ऑक्साइड झालेली नळी काचेसारखी ठिसूळ बनते. नळ्या फुगल्या, काही फाटल्या. पण एकंदरीत उभ्या होत्या.

रात्री १० ते २

बैठका झाल्या. गळका जुडगा शोधायचा तर टाकी उघडायला हवी, असं ठरलं. कुठलाही अनुभवी माणूस त्या माहितीवर हाच निर्णय घेईल. पाण्याखालची टाकी उघडणं म्हणजे इंधनाला आणखी पाणी मिळणं, यात वाईट काय?

लहान पंप अजून चालूच होता. तासाला वीस टन पाणी आत जात होतं आणि बाहेर येत होतं.

शुक्रवार, ११ एप्रिल. पहाटे २:१५

झाकणाची द्रवदाबावर चालणारी कुलुपं सोडली. झाकण जरासं सैल झालं आणि सगळी वाफ एकदम वर उसळली. कुंडातलं थंड पाणी आत कोसळलं. कुंडातली पातळी झटकन खाली आली. तापून ठिसूळ झालेल्या नळ्यांवर थंड पाणी पडलं आणि त्यांचे तुकडे झाले. गोळ्या टाकीच्या तळाशी विखुरल्या. कुंडाजवळची किरणोत्सर्गाची मात्रा ताशी अनेक मिलिसिव्हर्टवर गेली. किरणोत्सर्गी वायू आणि थोडं आयोडीन चिमणीवाटे बाहेर पडलं.

पहाटे ४:२०

झाकण उचलायचा प्रयत्न झाला. तीन दोरांपैकी एक तुटला. झाकण अर्धवट तसंच राहिलं.

१६ एप्रिल

झाकण शेवटी निघालं. कॅमेरा आत सोडला. एक गळका जुडगा शोधायला आलेल्यांना दिसलं, की तीसपैकी बहुतेक सगळे मोडले आहेत. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत आधी दुसऱ्या पायरीवर ठेवलेली घटना तिसऱ्यावर नेली गेली.

जीवितहानी झाली नाही. बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गाने आसपासच्या लोकांना धोका पोचला नाही. पण आता खुल्या टाकीत साडेतीन टनांहून जास्त युरेनियम ऑक्साइड होतं, आणि त्याचा बराच भाग कोणत्याही नियोजित आकारात नव्हता. मोडलेलं इंधन चुकीच्या पद्धतीने एकत्र आलं तर साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होण्याची भीती. म्हणून पाण्यातलं बोरिक आम्ल वाढवलं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो.

हंगेरीच्या नियामक संस्थेने चौकशी केली. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तज्ज्ञही येऊन गेले. दोन्हीकडून बोट टाकीच्या रचनेवर ठेवलं गेलं, आणि मंजुरी देताना या रचनेचं सुरक्षेच्या दृष्टीने असलेलं महत्त्व कमी लेखलं गेलं यावरही. नियामक संस्थेने स्वतःच्या अहवालात स्वतःकडेही बोट दाखवलं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. भट्टीच्या प्रत्येक व्हॉल्व्हमागे जाडजूड विश्लेषण असतं. ही टाकी मात्र सफाईचं साधन म्हणून पाहिली गेली. धुलाई चालू असतानाची स्थिती बारकाईने तपासली गेली होती. धुलाई संपल्यानंतर क्रेनसाठी थांबण्याचे तास कोणी तपासले नव्हते. इंधनाला मात्र त्यातला फरक कळत नाही. ते जितका वेळ टाकीत आहे तितका वेळ तापणारच.

ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७

तुकडे उचलायला साडेतीन वर्षांची तयारी लागली. रशियन तज्ज्ञांनी आखलेल्या पद्धतीने, टाकीच्या वर उभारलेल्या मंचावरून, लांब दांड्यांच्या अवजारांनी, पाण्याखाली, एकेक तुकडा आणि गोळी वेचून खास डब्यांत भरली गेली. या डब्यांच्या रचनेत सोडवायचा एक प्रश्न होता तो आत अडकणाऱ्या पाण्याचा आणि वायूचा: ते कुठून बाहेर पडतील.

२०१४ मध्ये हे डबे रशियाला, मायाकला पाठवले गेले.