स्प्लिटचा डावखुरा

एप्रिल १९८९. म्युनिकच्या भरगच्च सभागृहात तुम्ही कशीबशी जागा धरली आहे. बास्केटबॉलच्या युरोपियन चषकाचा अंतिम सामना आहे. एका बाजूला मुरलेला मकाबी तेल अवीव, दुसऱ्या बाजूला युगोस्लाव्हियाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिटची तरुण पोरं. त्यांच्या संघाचं नाव यूगोप्लास्टिका, म्हणजे गावातल्या प्लास्टिकच्या कारखान्याचंच नाव. पाच मिनिटांत तुमची नजर एका डावखुऱ्यावर खिळते. वय वीस, उंची सात फुटांच्या आसपास. एवढ्या उंच माणसानं बास्केटखाली उभं राहायचं आणि रेटारेटी करायची, अशी तेव्हाची रीत. हा मात्र स्वतः चेंडू घेऊन पुढे येतो, बघतो डावीकडे आणि पास देतो उजवीकडे. लहानपणी टेबल टेनिस खेळलेला हा हात आहे, आणि ते दिसतं. स्प्लिट ७५–६९ असा सामना जिंकतं.

हा टोनी कुकोच. पुढची दोन वर्षंही चषक स्प्लिटलाच जातो, दोन्ही वेळा बार्सिलोनाला हरवून. मधल्या काळात, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या एनबीएच्या शिकागो बुल्सनं वार्षिक खेळाडू-निवडीच्या दुसऱ्या फेरीत त्याची निवड करून ठेवली आहे.

आता रोमला चला. १९९१ चा जून संपत आलाय. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा चालू आहे आणि ती चालू असतानाच २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया स्वातंत्र्य जाहीर करतात. यूरी झ्दोव्त्स या स्लोव्हेनियन खेळाडूला त्याच्या सरकारचा निरोप येतो आणि तो युगोस्लाव्हियाचा संघ सोडतो. बाकीचे यजमान इटलीला हरवून सुवर्णपदक घेतात. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कुकोच. ज्या देशासाठी हे पदक, तो देश फुटायला लागला आहे. पदक गळ्यात असलेल्या या पोरांचे चेहरे नीट पाहून घ्या; क्रोएशियन, सर्ब, बॉस्नियन अशी ही मुलं यानंतर कधीच एका देशाच्या संघात एकत्र दिसणार नाहीत.

२७ जुलै १९९२, बार्सिलोनाजवळचं बादालोना. नव्या क्रोएशियाचा संघ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’समोर उभा आहे. सामना सुरू होताच तुमच्या ध्यानात येतं की इथे काहीतरी वेगळं चाललंय. बुल्सचाच स्कॉटी पिपेन कुकोचला श्वास घेऊ देत नाही. पिपेन थकला की त्याचा बुल्समधला सहकारी मायकेल जॉर्डन येतो. चेंडू हातात येण्याआधीच वाट अडवलेली. बुल्सचे व्यवस्थापक जेरी क्राउझ या पोराचं कौतुक करून थकत नाहीत, आणि पिपेन मात्र तुटपुंज्या करारावर खेळतोय. हा राग क्राउझवरचा. तो निघतो कुकोचवर. त्याचे फक्त चार गुण होतात. अन्यायच आहे हा, दुसरा शब्द मला सुचत नाही.

पण उठू नका. ८ ऑगस्टला अंतिम फेरीत हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येतात. सुरुवातीला काही क्षण क्रोएशिया २५–२३ असा पुढे असतो! अमेरिका शेवटी ११७–८५ जिंकते, पण कुकोच या वेळी १६ गुण करतो. रौप्यपदक.

त्या काळात तो इटलीत त्रेव्हिसोच्या बेनेटनकडून खेळतो. १९९३ मध्ये अथेन्सला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात लिमोज त्याच्या संघाला ५९–५५ असं हरवतं. लिमोजचे प्रशिक्षक कोण? बोझिदार मालकोविच, ज्यांनी स्प्लिटमध्ये याला घडवलं. हरलेल्या संघातला असूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान कुकोचलाच मिळतो.

तो शिकागोला जातो आणि ६ ऑक्टोबर १९९३ रोजी जॉर्डन निवृत्ती जाहीर करतो.

१३ मे १९९४. शिकागो स्टेडियम. न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या मालिकेत बुल्स दोन सामन्यांनी मागे आहेत. गुण १०२–१०२, उरलेत १.८ सेकंद. प्रशिक्षक फिल जॅक्सन शेवटचा फटका कुकोचला देतात. पिपेननं फक्त चेंडू आत टाकायचा. पिपेन बाकावरून उठतच नाही. तुमच्या आसपासच्या लोकांना काय चाललंय ते कळत नाही. पीट मायर्स चेंडू टाकतो, कुकोच पाठमोरा झेलतो, वळतो, उडी मारतो. चेंडू जाळीत! १०४–१०२. दुसऱ्या दिवसापासून आजवर चर्चा झाली ती पिपेनच्या बसून राहण्याची. दोन सेकंदही हातात नसताना, रुसलेल्या सहकाऱ्यादेखत, परक्या देशातल्या पहिल्याच मोसमात मारलेल्या त्या फटक्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मला तो फटका या साऱ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा वाटतो.

जॉर्डन परततो, आणि युरोपचा हा राजा बाकावरून उठून खेळायला लागतो. १९९६ मध्ये सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळतो. पुढची फिलाडेल्फिया, अटलांटा, मिलवॉकी ही गावं आपण गाठायची नाहीत. तिथे २००६ पर्यंत तो खेळला, एवढं पुरे.

त्याऐवजी ३१ मे १९९८ ला युनायटेड सेंटरमध्ये या. इंडियानाविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. जॉर्डनचे २५ पैकी १६ फटके चुकतात, पिपेनचा हातही बसत नाही. बुल्सची सद्दी आज संपणार असं वाटायला लागतं. तेवढ्यात तिसऱ्या सत्रात डावखुरा हात चालू होतो. लांबून एक, मग दुसरा. त्या एका सत्रात १४ गुण, एकूण २१. बुल्स ८८–८३ असे जिंकून अंतिम फेरीत जातात, आणि दोन आठवड्यांनी युटाला हरवून सलग तिसरं विजेतेपद घेतात.